रिव्हिजनिझम आणि आमच्या शाळेची पाटी

‘रिव्हिजनिझम’ हा शब्द मी वर्गात अनेकदा समजावून सांगितला आहे. एखाद्या जिवंत माणसावर मात्र तो मी एकदाच वापरला. ते माणूस म्हणजे माझी स्वतःची विद्यार्थिनी.

आमचे गाव नगरच्या पूर्वेला, कोरडवाहू पट्ट्यात आहे. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत आमचे घराणे चार पिढ्यांचे. उपासना मंदिराला लागून एक खोली आहे. त्या खोलीत एके काळी मंडळीची शाळा भरत असे आणि गावातली पहिली अक्षरे तिथेच गिरवली गेली. शाळा बंद होऊन बरीच वर्षे झाली, परंतु मंडळीच्या वर्धापनदिनी तिचा इतिहास वाचण्याची प्रथा टिकून आहे. तो इतिहास मी लिहिलेला. शिक्षक म्हणून नोकरीला लागलो त्या सुमाराचा, फुलस्केपची बारा पाने. चाळीसहून अधिक वर्षे दर वर्धापनदिनी उपासनेनंतर मी तो उभा राहून वाचला. दुसऱ्या पानावर वाक्य होते : ‘या शाळेचे पहिले शिक्षक म्हणजे प्रस्तुत लेखकाचे पणजोबा.’ तिथे आलो की म्हाताऱ्या बायका माना डोलवत आणि माझ्याकडे बघत. ते बघणे मला आवडत असे. निवृत्तीनंतर मी नगरजवळ केडगावला राहायला आलो, तरी त्या एका वाक्यासाठी गावी जात असे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता विद्यार्थिनीविषयी. ती त्याच गावची. आठवी ते दहावी माझ्या हाताखाली शिकली. आज ती नगरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि भिंगारला राहते. तिने पीएच.डी. केली तेव्हा पेढे आणि प्रबंधाची एक प्रत घेऊन घरी आली होती. ती गेल्यावर मी प्रथम शेवटची पाने उघडली. संदर्भसूचीत माझ्या बारा पानांची नोंद नसेल, असली तर चुकीची असेल, या अपेक्षेने. नोंद होती आणि ती अचूक होती. त्याचाच मला अधिक राग आला. पेढे मात्र मी तीन खाल्ले.

गेल्या वर्षी मंडळीने त्या बंद खोलीची दुरुस्ती काढली. तिथे वाचनालय करायचे ठरले आणि दारावर संगमरवरी पाटी लावायचे ठरले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी मजकूर माझ्याकडे मागितला. मी चार ओळी लिहून दिल्या. पहिल्या ओळीत शाळा, दुसऱ्या ओळीत पणजोबा.

त्यानंतर आठवडाभरात ती स्कूटरवरून केडगावला आली. खांद्याला पिशवी, पिशवीत टॅबलेट.

“सर, पाटी करायला दिली का हो?”

“शनिवारी द्यायची आहे. का गं?”

“मग बरं झालं वेळेत आले. एक दाखवायचं होतं. पण रागावायचं नाही.”

“रागावण्यासारखं असेल तर रागावणार. दाखव.”

तिने दाखवले ते आमच्या शाळेच्या शेरेबुकाचे फोटो होते. ज्यांचा शाळेशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : तपासणीला आलेला अधिकारी जाण्यापूर्वी आपले मत ज्या वहीत लिहून ठेवतो ती वही म्हणजे शेरेबुक. शाळा मंडळीची असली तरी तपासणी होत असे, आणि हे शेरेबुक शहरातल्या जुन्या दप्तराच्या गाठोड्यात तिला मिळाले होते. पाच वर्षांतले सात शेरे. अक्षरे निरनिराळ्या हातांची, मजकूर जवळपास एकच : मास्तर उपदेशासाठी परगावी गेले आहेत, वर्ग त्यांची पत्नी घेते, मुले वाचनात तयार आहेत.

“सात वेळा साहेब आले आणि साती वेळा मास्तर गावाला,” ती म्हणाली. “मग मास्तर शाळेत होते कधी, सर?”

मी चष्मा पुसला. “शेरा त्या दिवसापुरता असतो. मी नोकरीत असताना एकदा दाढ काढायला गेलो आणि नेमकं त्याच दिवशी साहेब आले. शेरेबुकात काय लिहिलं? शिक्षक गैरहजर. म्हणून काय मी वर्षभर शिकवलंच नाही?”

“पण सर, ती दाढ तुम्ही एकदाच काढली ना?”

स्वयंपाकघरात माझी पत्नी मोठ्याने हसली. मला त्या हसण्याची गरज नव्हती.

तिने पुढचा फोटो काढला. “आणि सर, त्यांचं नावही सापडलं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत.” आणि तिने माझ्या पणजीचे नाव उच्चारले.

आमच्या घरात पणजीला ‘मोठी आई’ म्हणत. तिला आणखी एखादे नाव असेल हे मला माहीत होते, म्हणजे असायलाच हवे इतके माहीत होते. परंतु मी ते कधी विचारले नव्हते. ते मी माझ्याच ओसरीवर, दुसऱ्या घरातल्या मुलीच्या तोंडून प्रथम ऐकले. ती ते इतक्या सहज उच्चारत होती, जणू तिच्या आत्याचे नाव. त्या क्षणी मला जे वाटले त्याला मतभेद म्हणता येणार नाही. मत्सर हा शब्द इथे नेमका आहे. माझ्या घरातले माणूस तिला माझ्याआधी भेटले होते.

“चहा घेतेस?” मी विचारले. ती घेते म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी पंचांची बैठक झाली. मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, चार पंच, ती आणि मी. तिने टॅबलेट सगळ्यांपुढून फिरवला. पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठे करून वाचले आणि “वा, वा” असे दोनदा म्हणाले. माझ्या बारा पानांना चाळीस वर्षांत एकदाही कोणी “वा” म्हटले नव्हते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “याला इतिहास म्हणत नाहीत. हा रिव्हिजनिझम आहे.”

शब्द इंग्रजी होता आणि तो मी वर्गातल्या आवाजात उच्चारला होता.

“म्हणजे काय, गुरुजी?” पाळकसाहेबांनी विचारले.

“म्हणजे सिद्ध झालेला इतिहास नाकारणं,” मी म्हणालो. “जगात असे लोक आहेत की जे हजारो माणसं मारली गेली तरी ती मारली गेलीच नाहीत असं सांगतात. कागद दाखवतात, आकडे दाखवतात. त्याला हे नाव आहे.”

एका पंचांनी “बाप रे” म्हटले आणि तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती.

इथे मला थांबून सांगितले पाहिजे, कारण मी बैठकीत जे केले ते वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने केले असते तर मी त्याला शून्य दिले असते. या संज्ञेचे तीन वापर आहेत आणि तिन्ही मला माहीत होते. पहिला डाव्या चळवळीतला. मूळ सिद्धान्तात फेरफार करून क्रांतीची धार बोथट करतो, असा आरोप ज्याच्यावर ठेवायचा त्याला रिव्हिजनिस्ट म्हणत. मराठीत कोणी त्याला दुरुस्तीवाद म्हणे, कोणी सुधारणावाद. परंतु कोणत्याही भाषेत तो प्रामुख्याने आपल्याच माणसाला घातलेली शिवी होता. दुसरा वापर इतिहासकारांचा. नवा पुरावा मिळाला, किंवा जुन्या पुराव्याला नवा प्रश्न विचारला, आणि त्यामुळे रूढ समजूत बदलावी लागली, तर ते पुनर्लेखन रिव्हिजनिस्ट ठरते. त्यात निंदेचे काही नाही; त्याशिवाय हा विषय पुढे सरकूच शकत नाही. तिसरा वापर नाकारणाऱ्यांचा. पुरावा दडपायचा, आणि आपण केवळ फेरविचार करतो आहोत असे दाखवण्यासाठी दुसऱ्या वापरातले प्रतिष्ठित नाव पांघरायचे. खरे तर त्यांना ‘नाकारणारे’ असेच म्हटले पाहिजे. दुसरा आणि तिसरा यांतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे : मांडणारा माणूस पुरावा उघड करतो की लपवतो?

तिने जे केले ते उघडउघड दुसऱ्या प्रकारचे होते. मी पंचांना फक्त तिसरा अर्थ सांगितला.

तिला हे तीनही अर्थ ठाऊक होते. ते मीच तिला शिकवले होते, दहावीत, अभ्यासक्रमाबाहेर जाऊन. ती बोलू शकली असती. ती एवढेच म्हणाली, “सर म्हणतात त्याप्रमाणे सात शेरे कमी असतील. हे दुसरं शेरेबुक आहे. शाळा सुरू झाली तेव्हाचं पहिलं शेरेबुक गाठोड्यात नाही. ते मिळालं असतं तर प्रश्न मिटला असता.”

पाळकसाहेबांनी निर्णय दिला की पाटी शनिवारी द्यायची नाही, रविवारी उपासनेनंतर पुन्हा बसू. तोपर्यंत आणखी पुरावा मिळाला नाही तर गुरुजींचा मजकूर कायम. सगळे उठले. ती माझ्या चपला सरळ करून ठेवत म्हणाली, “सांभाळून उतरा सर, पायरीला खडी आहे.” तिने भांडण केले असते तर मला सोपे गेले असते.

सकाळी फिरायला माझ्यासोबत एक शेजारी असतात. साखर कारखान्यात आयुष्य गेले, युनियनमध्ये होते, लाल झेंड्याचे जुने कार्यकर्ते. शुक्रवारी मी त्यांना बैठकीची हकिकत सांगितली, अर्थातच माझ्या बाजूने. शब्द ऐकताच ते रस्त्यात उभे राहिले.

“काय म्हनला? रिव्हिजनिस्ट? पोरीला?”

“हो.”

“आरारा. गुर्जी, मला म्हनले हुते ते. भर मीटिंगमदी.”

“कोण?”

“आमचंच मानूस. एका ताटात जेवल्यालं. मी म्हनलो, संप लई लांबला, आता बोलनी करू. तर म्हनला, ह्यो रिव्हिजनिस्ट हाय, ह्येला काढा. बरं, त्याला काय पायजेल हुतं सांगू? जिल्हा कमिटीवरची मी बसायचो ती खुर्ची.” ते हसले आणि पुन्हा चालू लागले. “तुमाला काय पायजेल हुतं, गुर्जी?”

मी म्हणालो, थंडी वाढली आहे, आपण वळू या.

घरी येऊन मी लोखंडी कपाट उघडले. मला काय झाकून ठेवायला पाहिजे होते ते कपाटात होते, आणि ते तिथे आहे हे मला गुरुवारच्या बैठकीतही माहीत होते. पहिले शेरेबुक हरवले आहे असे ती म्हणाली तेव्हा मी मान हलवली होती. वस्तुस्थिती अशी की तरुणपणी इतिहास लिहिताना ते शेरेबुक मी उपासना मंदिराच्या पेटीत पाहिले होते. त्यातल्या नोंदी मी दोनशे पानी वहीत उतरवून घेतल्या होत्या. पुढे पेटीला वाळवी लागली आणि मूळ वही गेली. माझी प्रत राहिली.

वही उघडायला मला शनिवार उजाडावा लागला. पान सापडायला वेळ लागला नाही. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, तपासनिसाचा शेरा : ‘शाळा उघडली तेव्हापासून बाईच शिकवितात. मास्तर महिन्याचे तीन आठवडे फिरतीवर. बाईंस शिक्षिका म्हणून नोंदवावे.’ आणि समासात, त्याच अक्षरात, पेन्सिलीने : ‘अपवाद. घेऊ नये.’

ते तीन शब्द कोणत्या विचाराने लिहिले, हे मी आठवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. मला वाटते, तिथे विचार नव्हता. मी नवा शिक्षक होतो. शेरा त्या दिवसापुरता असतो हे मुख्याध्यापकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते, आणि ते मला सोयीचे होते. पणजोबांची तसबीर भिंतीवर होती. पणजीची नव्हती. ‘तेव्हापासून’ हा शब्द मी स्वतः उतरवला आणि तो वाचला नाही. पुरावा दडपणाऱ्यांविषयी गुरुवारी मी पंचांना सांगितले होते. दडपलेला पुरावा केडगावला माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली होता.

पत्नीने वही पाहिली. तिने दोनदा वाचले.

“मग? नेणार का उद्या?”

“बघतो.”

“बघता काय? ती काय परक्या घरची बाई आहे का? तुमचीच मोठी आई ना! पाटी घरातच राहतेय.”

“तसं नाही. तिला ते सापडलं.”

“कोणाला?”

मी विद्यार्थिनीचे नाव घेतले. पत्नी वही मिटून माझ्या हातात देत म्हणाली, “अहो, वय काय तुमचं?”

प्रश्न योग्य होता. मला पणजोबांच्या जागी पणजी आल्याचे दुःख नव्हते. पाटीवर कोण, यापेक्षा पाटी कोणाच्या शब्दांतली, हे मला सलत होते. शनिवारी दुपारभर मी एक भाषण मनात रचत होतो : ‘मंडळीहो, अधिक शोध घेता मला असे आढळून आले...’ म्हणजे शोध माझा होईल आणि ती मागे पडेल. पेन्सिलीचे शब्द खोडता येतात. घरात खोडरबरही होते. मी ते हातात घेतले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु वहीचा कागद जुना. घासला असता तर फाटला असता, आणि फाटलेला कागद पाहून तिने पहिल्या नजरेत ओळखले असते. मीच तिला कागद उजेडात धरून बघायला शिकवले होते. माझ्या प्रामाणिकपणात या भीतीचा वाटा किती आणि सद्बुद्धीचा किती, ते मला आजही वेगळे करता येत नाही.

रविवारी बैठक बसली. पाळकसाहेबांनी विचारले, “बाई, आणखी काही मिळालं?”

“नाही,” ती म्हणाली. “शनिवारी पुन्हा जाऊन आले. नाही मिळालं.”

“मग गुरुजींचा मजकूर...”

मी वही टेबलावर ठेवली. रचलेले भाषण ऐन वेळी आठवले नाही. “पहिल्या शेरेबुकाची नक्कल आहे,” एवढेच म्हणालो. “पान एकवीस.”

ती उठून टेबलाशी आली. तिने शेरा वाचला, ओठ हलवत, सावकाश. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला सहन झाला नाही. मी खिडकीकडे पाहिले. मग ती समासापर्यंत पोचली असावी.

“सर, हे ‘घेऊ नये’ कोणाचं?”

“माझं.”

“तेव्हाचं?”

“तेव्हाचं.”

पंचांपैकी एकाने खाकरून घसा साफ केला. तिने टॅबलेट काढला. “फोटो घेऊ का? शेऱ्याचा?”

“पूर्ण पानाचा घे,” मी म्हणालो. “आणि गुरुवारी मी त्या शब्दाचा अर्थ सांगितला तो अपुरा होता.” मग मी पंचांना उरलेले दोन अर्थ सांगितले, कसोटीसह. पाळकसाहेबांनी ते डायरीत लिहून घेतले. ज्यांनी गुरुवारी “बाप रे” म्हटले होते ते पंच म्हणाले, “म्हणजे गुरुजी, हिशोबानं तिसऱ्या नंबरात तुम्ही बसताय की!” सगळे हसले. ती हसली नाही, आणि त्याबद्दलही मला तिचा हेवा वाटला.

पाटीचा मजकूर तिने लिहिला. तीन ओळी, माझ्या चारांपेक्षा बऱ्या. गाव, तालुका, ‘जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर)’, आणि पहिल्या शिक्षिका म्हणून पणजीचे नाव. इतिहासाची बारा पानेही नव्याने लिहायची ठरली आणि तेही काम तिच्याकडे गेले. वर्धापनदिनी वाचायचे कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा ती म्हणाली, “सरांनीच वाचावं. इतकी वर्षं तेच वाचतात.”

मी नको म्हणायला हवे होते. लिहिणाऱ्याने वाचावे हे उघड होते. मी म्हणालो, “बरं, वाचतो.” इतक्या झटकन म्हणालो की पत्नीने नंतर त्याची नक्कल करून दाखवली.

मजकूर हातात आला तेव्हा मला कळले की मी काय स्वीकारले आहे. तिसऱ्या पानावर वाक्य होते : ‘पहिल्या शेरेबुकातील ही नोंद पूर्वीच्या लेखकाने पाहिली होती, उतरवून घेतली होती आणि वगळली होती.’ मी त्यात एखादे विशेषण शोधले, ज्यावर आक्षेप घेता येईल. एकही नव्हते. तीन क्रियापदे, तिन्ही खरी. असे वाक्य मला कधी लिहिता आले नाही. ‘वगळली होती’च्या जागी ‘राहून गेली होती’ असे सुचवावे म्हणून मी फोन उचलला, क्रमांकही लावला, आणि तिने “हां सर, बोला” म्हटल्यावर तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला.

वर्धापनदिनी मंदिर भरले होते. मी उभा राहिलो आणि वाचू लागलो. तिसऱ्या पानावर ते वाक्य आले तेव्हा मी आवाज न बदलता ते वाचले. बाकांवर थोडी हालचाल झाली. ज्यांना कळायचे त्यांना कळले. पुढच्या वाक्यात पणजीचे नाव होते. ते नाव त्या मंदिरात, भरल्या मंडळीसमोर, पहिल्यांदा माझ्या आवाजात ऐकू आले. मी ते थोडे अधिक ठसठशीत उच्चारले, आणि त्या वेळी मला झालेला आनंद निर्मळ नव्हता. मी वर पाहिले, तिला ते बोचले का हे बघायला. ती तिसऱ्या बाकावर होती. मान खाली घालून, मांडीवरच्या वहीत ती बहुधा आजच्याच वाचनाची नोंद करून घेत होती.